पाण्याला हरलेला धागा : वॉलेस कॅरोथर्स

टूथब्रशचे केस, सॅकचं कापड, गिटारच्या तारा, छत्री आणि गॅलरीत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी.. या सगळ्यांमागे एकच माणूस उभा आहे. पण त्याचं नाव विचारलं तर आपल्यापैकी बहुतेक जण डोकं खाजवतील. पॉलिमरचा धडा ज्यांनी मनापासून वाचला आहे त्यांना 'कॅरोथर्सचं समीकरण' आठवेल, तेसुद्धा दोन मार्कांपुरतं! तो माणूस म्हणजे वॉलेस ह्यूम कॅरोथर्स, नायलॉनचा जनक.

नायलॉनची गोष्ट बऱ्याच पुस्तकांत सापडते. मला सांगायची आहे ती त्याच्या दुसऱ्या धाग्याची गोष्ट, म्हणजे जो धागा पाण्यापुढे टिकला नाही म्हणून बाजूला ठेवला गेला त्याची. आज ऑपरेशननंतर जे टाके काढावे लागत नाहीत, आपोआप विरघळतात, ते त्याच घराण्यातले. माणसाच्या शरीरात वस्तू ठेवायची आणि ती तिथेच मोडू द्यायची, हे सुरक्षित कसं असू शकतं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की वाट थेट या अबोल अमेरिकन केमिस्टपाशी जाते.

अकाउंट्सकडून केमिस्ट्रीकडे

वॉलेसचा जन्म २७ एप्रिल १८९६ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात बर्लिंग्टन या गावी झाला. चार भावंडांत तो थोरला. वडील डे मॉइन शहरातल्या एका कमर्शियल कॉलेजात शिकवायचे. मुलानं शाळा संपवल्यावर आधी वडिलांच्याच कॉलेजात अकाउंट्सचा कोर्स केला. म्हणजे 'घरच्यांनी सांगितलं म्हणून घेतलेली ब्रँच' हा प्रकार तिकडेही होता म्हणायचा!

१९१५ मध्ये तो मिसूरीतल्या टार्किओ या छोट्याशा कॉलेजात गेला. तिथे आर्थर पार्डी नावाच्या शिक्षकांमुळे त्याला केमिस्ट्रीचं वेड लागलं. पुढे पार्डी सर दुसऱ्या विद्यापीठात गेले आणि कॉलेजला केमिस्ट्री शिकवायला कोणी उरलं नाही. तेव्हा पदवीसुद्धा न मिळालेल्या कॅरोथर्सलाच शिकवायला उभं केलं गेलं. शिकत शिकवत, पोटापाण्यासाठी काम करत त्याची पदवी पूर्ण झाली ती १९२० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी. वर्ष मागे राहिलं म्हणून हॉस्टेलच्या खोलीत तोंड लपवून बसणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही.

नंतर इलिनॉय विद्यापीठात त्यानं एम.ए. आणि १९२४ मध्ये रॉजर अ‍ॅडम्स यांच्या हाताखाली पीएच.डी. केली. दोन वर्षं तिथेच शिकवलं आणि १९२६ मध्ये तो हार्वर्डला गेला. पण वर्गासमोर उभं राहून बोलणं हा त्याचा प्रांत नव्हता. अत्यंत लाजाळू स्वभाव, चारचौघांत भाषण करायचं म्हटलं की पोटात गोळा. संगीत आणि वाचन मात्र मनापासून आवडायचं.

मोठे रेणू असतात का?

त्याच सुमारास ड्यूपॉंट कंपनीनं डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनच्या प्रयोगशाळेत एक वेगळाच उद्योग सुरू केला. चार्ल्स स्टाइन या अधिकाऱ्यानं वरिष्ठांना पटवलं की काही शास्त्रज्ञांना लगेच विकता येईल असा माल बनवायला न सांगता मूलभूत संशोधन करू द्यावं. त्या इमारतीला कंपनीतले लोक गंमतीनं 'प्युरिटी हॉल' म्हणायचे. कॅरोथर्सला बोलावणं आलं तेव्हा त्यानं आधी नकार दिला. आपल्याला अधूनमधून मनाचे असे झटके येतात की काम करता येत नाही, हे त्यानं कंपनीला प्रामाणिकपणे कळवलं होतं. तरीही कंपनीनं आग्रह धरला आणि फेब्रुवारी १९२८ मध्ये तो रुजू झाला.

तेव्हा केमिस्ट्रीत एक मोठं भांडण चालू होतं. रबर, रेशीम, सेल्युलोज हे पदार्थ नक्की कशाचे बनले आहेत? जर्मनीचे हेरमान स्टाउडिंगर १९२० पासून म्हणत होते की ते प्रचंड लांब साखळ्यांचे, म्हणजे अवाढव्य रेणूंचे बनले आहेत. बऱ्याच नामवंतांना ते पटत नव्हतं. त्यांच्या मते हे लहान रेणूच होते, फक्त कुठल्यातरी गूढ ओढीनं एकत्र चिकटलेले.

कॅरोथर्सनं वाद घालण्याऐवजी एक साधा मार्ग निवडला. ज्या रासायनिक क्रिया सगळ्यांना माहीत आहेत त्याच वापरून, एकेक कडी जोडत, आपणच लांब साखळी बनवून दाखवायची! मग ती आहे की नाही यावर कोण भांडणार?

पाणी काढा, साखळी वाढेल

आम्ल आणि अल्कोहोल एकत्र आले की एस्टर तयार होतं आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, हे आपण बारावीत शिकलो. आता रेल्वेचे डबे डोळ्यांसमोर आणा. डब्याला दोन्ही बाजूंना कपलिंग असेल तरच लांब गाडी बनते. तसंच, दोन्ही टोकांना आम्लगट असलेला एक रेणू आणि दोन्ही टोकांना अल्कोहोलगट असलेला दुसरा रेणू घेतला की डब्याला डबा जोडत जातो. ही झाली पॉलिएस्टर. प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू सुटतो.

गंमत पुढे आहे. समजा, ९५ टक्के टोकं जोडली गेली. परीक्षेत ९५ टक्के म्हणजे पेढे! पण कॅरोथर्सचं समीकरण सांगतं की तेवढ्यात सरासरी साखळी फक्त २० कड्यांची होते. ९९ टक्के जोडणी झाली तर १०० कड्या. म्हणजे धाग्याचा सगळा दम शेवटच्या चार-पाच टक्क्यांत दडलेला आहे. आणि तिथेच त्याची गाडी अडत होती. कारण ही क्रिया उलटही फिरते. बाहेर पडलेलं पाणी भांड्यातच राहिलं तर तेच पाणी जोडलेली कडी पुन्हा तोडतं.

मग त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'मॉलिक्युलर स्टिल' नावाचं उपकरण वापरलं. जबरदस्त निर्वात अवस्थेत पदार्थ तापवायचा आणि सुटणारा पाण्याचा रेणू लगेच थंड पृष्ठभागावर पकडून ठेवायचा, परत येऊ द्यायचा नाही. एप्रिल १९३० मध्ये ज्युलियन हिल या सहकाऱ्यानं असंच बनवलेलं पॉलिएस्टर बाहेर काढलं. रेणुभार १२,००० च्या वर! वितळलेल्या पदार्थात काडी बुडवून ओढली तर लांबच लांब तंतू निघाला. थंड झाल्यावर तो तंतू पुन्हा ताणला तर तुटण्याऐवजी आणखी लांब, आणखी चिवट आणि रेशमासारखा चमकदार झाला.

त्याच महिन्यात त्याच गटातल्या अर्नोल्ड कॉलिन्सनं क्लोरोप्रीन मिळवलं आणि त्यातून निओप्रीन हे कृत्रिम रबर जन्माला आलं. एकाच महिन्यात कृत्रिम धागा आणि कृत्रिम रबर! मोठ्या रेणूंबद्दलचं भांडण मिटायला या कामानं मोठा हातभार लावला. कॅरोथर्स तेव्हा फक्त चौतीस वर्षांचा होता.

नापास झालेले धागे

पण धागा दिसायला छान असून भागत नाही, कपडा धुवावा लागतो. ही पॉलिएस्टर १०० अंशांच्या खालीच वितळायची, गरम पाण्यात मऊ पडायची आणि ड्रायक्लीनिंगच्या द्रावकातही टिकायची नाही. असा शर्ट कोण घालणार? इस्त्री तर लांबच राहिली. मोज्याचं स्वप्न बघणाऱ्या कंपनीच्या दृष्टीनं धागा नापास!

त्या काळात या गटानं आणखीही बरंच काही बनवलं. १९३२ मध्ये लॅक्टाइडसारख्या सहा कड्यांच्या चक्रीय एस्टरांपासून साखळी बनते आणि ती परत उलटही फिरते यावर कॅरोथर्सनं आणि सहकाऱ्यांनी लेख लिहिला. (लॅक्टाइड म्हणजे दह्यातल्या लॅक्टिक आम्लाचीच जोडी.) त्याच वर्षी त्यानं हिलबरोबर सेबॅसिक आम्लापासून पॉलिअनहायड्राइड बनवलं. त्याचाही धागा निघायचा, पण हवेतल्या ओलाव्यानंच तो खराब व्हायचा. १९३४ मध्ये कॅप्रोलॅक्टोनची साखळी झाली. लॅक्टाइड, सेबॅसिक अनहायड्राइड, कॅप्रोलॅक्टोन.. ही तीन नावं जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

एस्टर पाण्याला हरतं म्हटल्यावर कॅरोथर्स अमाइडकडे वळला, कारण अमाइडचा बंध पाण्याला सहजासहजी दाद देत नाही. आपली त्वचा, केस, रेशीम हे सगळं अमाइडबंधांवरच उभं आहे. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी त्याच्या गटातल्या जेरार्ड बर्शे यानं सहा-सहा कार्बनच्या दोन घटकांपासून जे पॉलिअमाइड बनवलं ते म्हणजे नायलॉन ६,६. कंपनीनं तेच उचललं. (पॉलिएस्टरचं भाग्य उजाडलं ते १९४१ मध्ये इंग्लंडात. व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी साखळीत बेंझीनची कडक कडी घातली आणि टेरिलीन तयार झालं. आपल्या आजोबांच्या पिढीतला टेरिकॉटचा शर्ट तो हाच! त्याच पॉलिएस्टरच्या नळ्या नंतर रक्तवाहिन्यांच्या जागी बसवायलाही वापरल्या गेल्या, कारण त्या शरीरात वर्षानुवर्षं टिकतात.)

आतली काळोखी

बाहेरून पाहिलं तर यशावर यश येत होतं. १९३६ मध्ये कॅरोथर्स अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडला गेला. उद्योगात काम करणाऱ्या ऑरगॅनिक केमिस्टला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत हेलन स्वीटमन हिच्याशी त्याचं लग्न झालं. पॉल फ्लोरी नावाचा तरुण १९३४ पासून त्याच्या गटात होता. त्यालाच पुढे १९७४ चं नोबेल मिळालं.

पण आत वेगळंच चालू होतं. डिप्रेशन त्याला तरुणपणापासून होतं आणि ते वाढत चाललं होतं. आपल्याकडे आता नवीन कल्पना उरल्या नाहीत, आपण केलेल्या कामाला काही अर्थ नाही, असं त्याला सतत वाटू लागलं. १९३६ च्या उन्हाळ्यात त्याला फिलाडेल्फियाच्या मानसोपचार रुग्णालयात ठेवावं लागलं. जानेवारी १९३७ मध्ये त्याची लाडकी बहीण इसोबेल न्यूमोनियानं गेली. ९ एप्रिलला नायलॉनच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्यानंतर वीस दिवसांनी, २९ एप्रिल १९३७ रोजी, एकेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याची मुलगी जेन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जन्मली. बापलेकीची भेट झालीच नाही.

नायलॉनची जाहीर घोषणा झाली ऑक्टोबर १९३८ मध्ये आणि देशभर मोज्यांची विक्री सुरू झाली मे १९४० मध्ये. दुकानांसमोर रांगा लागल्या. ज्याच्यामुळे हे घडलं तो ते बघायला नव्हता.

इथे थोडं थांबून एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण हे पान हॉस्टेलमध्ये वाचलं जाणार आहे. डिप्रेशन हा आजार आहे. त्यात माणूस स्वतःला जे मार्क देतो ते चुकीचे असतात. कॅरोथर्ससारख्या माणसाला आपण शून्य आहोत असं वाटत असेल, तर त्या वाटण्यावर किती भरवसा ठेवायचा? १९३७ मध्ये डिप्रेशनवर गोळ्या नव्हत्या, त्या १९५० च्या दशकात आल्या. आज औषधं आहेत, उपचार आहेत, कौन्सिलर आहेत. रूममेट जेवायला येत नसेल, दार लावून बसत असेल, तर एकदा दार वाजवा. आणि स्वतःला तसं वाटत असेल तर मित्राला, घरी, वॉर्डनना, कुणाला तरी सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो.

दोष झाला गुण

आता वळूया त्या नापास धाग्यांकडे.

शरीरात विरघळणारे टाके तसे जुनेच. मेंढ्या-गुरांच्या आतड्यांपासून केलेला 'कॅटगट' सर्जन पूर्वीपासून वापरत होते. (नावात 'कॅट' असलं तरी मांजराचा काही संबंध नाही!) पण तो प्राण्याचा पदार्थ. शरीर त्याला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतं, आजूबाजूला सूज येते. शिवाय तो किती दिवसांत विरघळेल हे रुग्णागणिक बदलतं, कारण त्याला तोडण्याचं काम एन्झाइम्स करतात आणि ते प्रत्येकाच्या जखमेत सारखे नसतात.

१९६० च्या दशकात संशोधकांच्या लक्षात आलं की कॅरोथर्सच्या गटाला जो दोष नकोसा झाला होता, नेमका तोच इथे हवा आहे. पाण्यानं तुटणारी साखळी! शरीरात पाणी तर सगळीकडे आहे आणि सगळ्यांच्या शरीरात साधारण सारखंच आहे. म्हणजे धागा कधी कमजोर होईल याचा अंदाज बांधता येतो.

१९६६ मध्ये अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय प्रयोगशाळेतून पॉलिलॅक्टिक आम्ल शरीरात बसवण्याबद्दल एक महत्त्वाचा लेख आला. प्राण्यांच्या शरीरात हा पदार्थ विषारी ठरत नाही आणि हळूहळू नाहीसा होतो, असं त्यात दाखवलं होतं. त्या लेखावरचं पहिलं नाव कोणाचं असावं? आर. के. कुलकर्णी! नाव वाचून आपल्याकडच्या कुणालाही जरा बरं वाटेल. पुढे पॉलिग्लायकोलिक आम्लाचे 'डेक्सॉन' टाके आले, आणि १९७४ च्या सुमारास ग्लायकोलाइड नव्वद टक्के आणि लॅक्टाइड दहा टक्के अशा मिश्रणाचे 'व्हिक्रिल' आले. आज बहुतेक ऑपरेशन थिएटरांत ते नाव ऐकू येतं. त्याची ताकद तीन आठवड्यांत जवळपास निम्म्यावर येते आणि दोन-अडीच महिन्यांत धागा नाहीसा होतो. तोवर जखमेनं स्वतःला सावरलेलं असतं.

सेबॅसिक आम्लाचं पॉलिअनहायड्राइड आठवतंय ना, हवेनंच खराब होणारं? रॉबर्ट लँगर आणि सहकाऱ्यांनी त्याच जातीच्या पदार्थात कॅन्सरचं औषध भरून नाण्याएवढ्या चकत्या बनवल्या. मेंदूतली गाठ काढल्यावर त्या रिकाम्या जागेत ठेवायच्या. त्या वरून वरून झिजत जातात आणि औषध जागच्या जागी सुटतं. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. आणि कॅप्रोलॅक्टोनची साखळी फार संथ, तिला मोडायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून कवटीचं भोक बुजवणारी जाळीदार बुचं तिच्यापासून बनतात. हाड भरेपर्यंत ती तग धरतात.

विरघळलं म्हणजे संपलं का?

इथपर्यंत सगळं गोड गोड झालं. पण खरा प्रश्न पुढेच आहे. आपल्याला वाटतं, विरघळणारी वस्तू म्हणजे सुरक्षितच. काही दिवसांनी उरणारच नाही, मग त्रास कसला? तसं नसतं. स्टीलचा स्क्रू वर्षभरानंतरही स्टीलचा स्क्रूच असतो, त्याची परीक्षा एकदा घेतली की बरंचसं काम झालं. विरघळणारा स्क्रू मात्र दर आठवड्याला वेगळा पदार्थ असतो. त्याची प्रत्येक अवस्था तपासावी लागते. अशा पदार्थाची व्हायवा घ्यायची ठरवली तर तीन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला : मोडून काय तयार होणार? पॉलिलॅक्टिक आम्लापासून लॅक्टिक आम्ल होतं. आपण ग्राउंडवर चार राउंड मारले की आपल्या स्नायूंतही ते तयार होतं. शरीराला त्याची सवय आहे, त्याची विल्हेवाट लावायची वाट ठरलेली आहे. म्हणून हे पदार्थ निवडले गेले. पण पदार्थ बनवताना वापरलेला कथिलाचा कॅटॅलिस्ट, न जोडले गेलेले मोनोमर हेही आत राहू शकतात. त्यांचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. पॉलिमरपासून सुटणारे पदार्थ ओळखून मोजायचे कसे, यासाठी आयएसओ १०९९३ या मानकाचा तेरावा भाग खास लिहिलेला आहे.

दुसरा : किती वेगानं? लॅक्टिक आम्ल ओळखीचं असलं तरी आम्लच. ते हळूहळू सुटलं तर रक्त वाहून नेतं. एकदम सुटलं तर साचतं. १९८४ पासून फिनलंडमधल्या हेलसिंकीत घोट्याची हाडं जोडायला पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या काड्या वापरल्या गेल्या. पुन्हा ऑपरेशन करून धातू काढायची गरज नाही, ही मोठीच सोय होती. पण काही रुग्णांना साधारण अकरा-बारा आठवड्यांनी त्या जागी सूज आली, पू आल्यासारखा स्राव झाला. तपासलं तर जंतू नाहीत! शरीराला त्या मोडतोडीचा भार झेपला नव्हता. तिथल्याच डॉक्टरांनी अडीच हजारांवर रुग्णांची नोंद ठेवून २००० साली सांगितलं की असा त्रास चार टक्क्यांच्या आसपास लोकांना झाला, आणि जवळजवळ सगळा पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या काड्यांमुळे. हीच रसायनं पातळ टाक्यात चालतात आणि जाड काडीत त्रास देतात. जाड तुकड्यात आतलं आम्ल बाहेर पडायला वाट मिळत नाही, ते आतच साचतं आणि उरलेल्या साखळ्या आणखी झपाट्यानं तोडतं. म्हणजे पदार्थ तोच, पण जाडी बदलली की सुरक्षितता बदलली!

तिसरा : शेवटचा तुकडा कुठे जातो आणि कधी? नेदरलँड्समध्ये गालाची हाडं मोडलेल्या दहा रुग्णांना पॉलिलॅक्टाइडच्या पट्ट्या बसवल्या होत्या. सगळं छान जुळलं. तीन वर्षांनी त्यांतले चौघे जण सूज घेऊन परत आले. साखळीचे सैल भाग विरघळून गेले होते, पण घट्ट रचलेले स्फटिक तसेच मागे राहिले होते. सहा महिन्यांची चाचणी इथे सरळ पास झाली असती आणि आपण खूश होऊन बसलो असतो.

सगळ्यांत गाजलेलं उदाहरण हृदयाचं. पॉलिलॅक्टाइडचा 'अ‍ॅब्सॉर्ब' नावाचा विरघळणारा स्टेंट जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. सुरुवातीला रक्तवाहिनीला आधार द्यायचा आणि दोन-तीन वर्षांत निघून जायचं, कल्पना किती सुंदर! पण पॉलिमर धातूइतकं कडक नसतं, म्हणून त्याच्या तारा सुमारे १५० मायक्रॉन जाड ठेवाव्या लागल्या. तुलनेच्या धातूच्या स्टेंटच्या तारा त्याच्या निम्म्याच होत्या. दोन वर्षांच्या पाहणीत हृदयाच्या गंभीर तक्रारींचं प्रमाण अ‍ॅब्सॉर्बमध्ये ११ टक्के, तर धातूच्या स्टेंटमध्ये ७.९ टक्के निघालं. रक्ताच्या गुठळ्याही जास्त. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याची विक्री थांबली. मात्र काम थांबलं नाही. २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या, गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्यांसाठीच्या, आणखी पातळ तारांच्या विरघळणाऱ्या स्टेंटला अमेरिकेत मान्यता मिळाली.

आणखी एक मजा सांगते. या टाक्यांची पाकिटं कधी पाहिलीत तर ती फॉइलची, पक्की बंद असतात. आत ओल जाऊ द्यायची नाही. नेहमीसारखं ऑटोक्लेव्हमध्ये वाफेनं निर्जंतुक केलं तर धागा तिथेच मोडायला लागेल, म्हणून ते काम वायूनं करतात. म्हणजे कपाटात पाणी शत्रू आणि जखमेत पाणी मित्र. कॅरोथर्सच्या मॉलिक्युलर स्टिलचा धडा आजही फॅक्टरीत रोज गिरवला जातो. पाणी काढलं की साखळी वाढते, पाणी दिलं की सुटते.

आणि नायलॉन? पाण्याला न हरणारा म्हणून निवडलेला तो धागासुद्धा शरीरात कायमचा टिकत नाही. त्वचेवर घातलेले नायलॉनचे टाके आठ-दहा दिवसांत काढतात, पण आत राहिलेला नायलॉनचा धागा दर वर्षी थोडी थोडी ताकद गमावत जातो. शरीराच्या दृष्टीनं 'टिकणारं' आणि 'विरघळणारं' यांत फरक आहे तो वेळेचा. म्हणून उद्या आपल्यापैकी कोणी अशा कंपनीत कामाला लागलं आणि कुणी विचारलं की हे मटेरियल सुरक्षित आहे का, तर एका शब्दात उत्तर देऊ नका. आधी विचारा : कुठे बसवणार, किती जाड, किती दिवसांसाठी आणि शेवटी त्याचं काय होणार?

१९४६ मध्ये विल्मिंग्टनच्या त्या प्रयोगशाळेतल्या एका इमारतीला कॅरोथर्सचं नाव दिलं गेलं. नायलॉनसाठी. विरघळणाऱ्या टाक्यांची तेव्हा कुणाला कल्पनाही नव्हती. आज ज्यांच्या पोटावरची, गुडघ्यावरची जखम टाके न काढता बरी झाली, त्यांनी त्याचं नाव बहुधा ऐकलेलं नसतं. धागा आपलं काम करतो, पाण्यात मिसळतो आणि निघून जातो.